पाटसच्या टोकाला

केंदूरमध्ये हर्षदाने माऊस हलवला की पाटसला, रिकाम्या खुर्चीसमोरच्या मॉनिटरवर, बाण हलत असे. यात चमत्काराचा भाग काही नव्हता. घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवण्याचे ते एक सर्वत्र मिळणारे सॉफ्टवेअर होते. इकडच्या बोटांची हालचाल तारेतून तिकडे जायची आणि तिकडच्या पडद्याचे चित्र तारेतून इकडे यायचे. नवल वाटण्यासारखे असलेच तर ते एवढेच, की त्या मॉनिटरसमोर बबनराव दिवसातून अनेकदा हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि बाण हलतो आहे की नाही, हे पाहत.

बबनराव पाटसचे बागायतदार. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी टाकून देण्याचा त्यांचा धंदा होता. नदीकाठच्या विहिरीतून पाणी उचलायचे आणि चढावरच्या माळापर्यंत न्यायचे, तर पाइप किती जाडीचा हवा, कुठे किती दाब पडेल, झडप कुठे बसवावी, हे सगळे गणित हर्षदा करी. ती पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि पाण्याच्या दाबाचे तिला मनापासून आकर्षण होते, ही गोष्ट ती सहसा कुणाला सांगत नसे. हायवेलगत, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होते. तिथेच जवळ एक खोली घेऊन ती राहत होती.

दिवाळीनंतर केंदूरला तिची आई, कुशाबाई, गोठ्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झाले, प्लेट बसली, वॉकर आला. हर्षदाला वडील नव्हते, भावंड नव्हते. आईला संडासाला न्यायलाही दुसरे माणूस नव्हते. बबनरावांनी तेव्हा आपली जीप पाठवून कुशाबाईला दवाखान्यातून घरी पोचवले होते आणि हर्षदाने न मागताच ते म्हणाले होते, "आई हिंडायला लागंस्तवर घरनं काम कर. पर एक सांगतो. डोळ्याफुडं बसलेला माणूस काम करतोय का न्हाई, ते मला कळतं. डोळ्याआडचं कळत न्हाई."

सुरुवातीचे दोन महिने चांगले गेले. संक्रांत झाली आणि काम रेंगाळू लागले.

नकाशावर पाइपचे एक टोक धरून दुसऱ्या जागी न्यायचे, तर पूर्वी ते बाणासोबत सरकत असे. आता बाण पुढे जाऊन थांबायचा आणि पाइप मागून, आठवण झाल्यासारखा, यायचा. चहा उकळेपर्यंत जे दाबाचे गणित सुटत असे, ते आता भाकऱ्या होऊन भाजी फोडणीला पडली तरी चालूच असे. मग बबनरावांचा, ऑफिसातल्या सगळ्यांच्या आप्पांचा, फोन वाजायचा.

"हर्षदा, जेवाय बसलीस काय?"

"नाही आप्पा, कामच चाललंय."

"बाण तर मघाधरनं एका जाग्यावर हाय. मी हितं उभा राहून बघतोय."

"गणित चालू आहे आप्पा. कॉम्प्युटर उत्तर देत नाहीये."

"मागल्या महिन्यात देत हुता की. तवा काय दुसरा कॉम्प्युटर हुता?"

प्रश्न योग्य होता, हे हर्षदाला मान्य करावे लागले.

पुढच्या आठवड्यात बबनरावांनी मुदतच घातली. एका पाणी वापर संस्थेच्या योजनेत विहिरीची जागा बदलली होती, त्यामुळे सगळा आराखडा नव्याने करायचा होता. शनिवारी संचालकांच्या बैठकीत तो मांडायचा होता.

"शनिवारपत्तर झालं तर झालं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होते. "न्हाईतर सोमवारपास्नं हितं येऊन बस. ते जमत न्हाई म्हणलीस, तर मला त्या खुर्चीवर माणूस बशिवला पायजे. मी तरी किती दिस रिकामी ठिवू?"

केंदूरहून शिक्रापूर, शिक्रापूरहून चौफुला, चौफुल्याहून पाटस. सकाळी गेलेली हर्षदा संध्याकाळी परत येऊन आईला अंथरुणावरून उठवू शकेल, असा कोणताही एसटीचा फेरा नव्हता.

तिने दोष शोधायला घेतला. शोधायला घेतला म्हणजे, केंदूरमध्ये शोधायला घेतला. राउटर खिडकीतून उचलून टेबलावर ठेवला. वायफाय सोडून लॅपटॉपला तारच जोडली. शेजारच्या अनिताला विनवून तिच्या मुलांचे व्हिडिओ दुपारभर बंद करवले. विहिरीवरची मोटर सुरू झाली की विजेचा दाब कमी होतो, म्हणून मोटरीच्या वेळा टिपून पाहिल्या. सकाळी काम सुरू केल्यावर थोडा वेळ सगळे सुरळीत असे आणि मग मंदावत जाई. तेव्हा गावात लोक उठून मोबाइल हातात घेतात, हे त्याचे कारण तिने मानले. जेवून परत बसल्यावर पुन्हा काही क्षण वेग येई. तेव्हा गाव जेवायला बसलेले असते, असे तिने ठरवले. प्रत्येक निरीक्षणाला कारण मिळत होते आणि ते प्रत्येक वेळी गावात मिळत होते.

बुधवारी तळेगाव ढमढेरेहून नेटवाला पप्पू आला. कमरेला यंत्र लटकावलेला, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याने आपल्या मोबाइलवर वेगाचा आकडा काढून तिच्यापुढे धरला.

"बघा ताई. शंभरचा प्लॅन, सत्त्याण्णव येतोय. तीन कुठं गेलं म्हणून भांडणार असाल तर वर खांबावर चढून शोधतो."

"आकडा बरोबर आहे, पप्पू. काम होत नाहीये."

"हाच तर शिकलेल्या माणसाचा तरास. नेट चांगलं आलं तरी पटत न्हाई. आमच्या गिऱ्हाइकात एक मास्तर हायेत, त्यांचंबी असंच."

"मास्तरांचं खरं निघालं होतं का?"

"निघालं व्हतं," पप्पू नाइलाजाने म्हणाला. "तार उंदरानं खाल्ली व्हती."

तुमची तार उंदराने खाल्लेली नाही, हे त्याने दोनदा दाखवले आणि तरीही, आलोच आहे तर, म्हणून शेवटचा कनेक्टर कापून नवा बसवून दिला.

गुरुवारी सकाळी हर्षदा लॅपटॉप उघडून बसली, तेव्हा तिच्या पाठीमागे वॉकरचे रबरी पाय फरशीवर आपटल्याचा आवाज आला. कुशाबाई, एका हाताने वॉकर धरून, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन उभी होती.

"आई, एका हातानं चालायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

"गप बस जरा. हालू नगं."

"मशीनला दृष्ट लागत नाही."

"मशिनीची कोण काढतंय? तुझी काढतीया. तू मशिनीफुडं बसलीयास, त्याला मी काय करू?"

यात तर्काची चूक काढता येत नव्हती. हर्षदा हलली नाही. मिरच्या चुलीत पडल्या, ठसका लागला नाही, आणि ज्या अर्थी ठसका लागला नाही त्या अर्थी दृष्ट जबर होती, असा निकाल कुशाबाईने दिला. मिरच्या गेल्या पावसाळ्यापासून डब्यात सादळत पडल्या होत्या, हे हर्षदाने बोलून दाखवले नाही.

त्या दिवशी काम धावू लागले.

सकाळीच नव्हे, दुपारी, दुपारनंतर, दिवे लागेपर्यंत. पाइप बाणाला चिकटून सरकत होता. चहा उकळेपर्यंत गणित सुटत होते. नव्या विहिरीपासून माळापर्यंतची मुख्य वाहिनी एका बैठकीत बसली. संध्याकाळी पप्पूचा फोन आला. "मग? कनेक्टरच व्हता ना? मी म्हणलोच व्हतो." तो असे काहीच म्हणाला नव्हता. कुशाबाईने काही बोलण्याची गरजच ठेवली नाही. ती फक्त लेकीकडे पाहत जेवली.

हर्षदा मात्र अस्वस्थ होती. एका परिणामाला दोन कारणे पुढे आली होती आणि दोघांचेही मालक आनंदात होते. अशा वेळी एकच उपाय असतो: थांबून पाहणे.

शुक्रवारी सकाळी थोडा वेळ बरे चालले आणि मग सगळे पुन्हा चिखलात रुतले.

"एका दिवसाचीच उतरली व्हती," कुशाबाई म्हणाली. "आज परत काढते."

"आज गावात लग्न हाय ना ताई, सगळी वऱ्हाडी मंडळी मोबाइलवर असत्यात," पप्पू फोनवर म्हणाला.

जे स्पष्टीकरण यश आले तरी खरे ठरते आणि अपयश आले तरी खरे ठरते, त्याचा उपयोग शून्य असतो. हे हर्षदाला कॉलेजात शिकवले होते. आपलीही गेल्या पंधरवड्यातली स्पष्टीकरणे नेमकी याच जातीची होती, हे तिला आत्ता, फोन ठेवता ठेवता, दिसले. आराखड्याच्या उपवाहिन्या अजून बाकी होत्या. दाबाचे शेवटचे गणित बाकी होते. हातात एक दिवस होता.

तिने पाइपलाइनचा प्रोग्रॅम, गणित चालू ठेवूनच, बाजूला सारला आणि पाटसच्या कॉम्प्युटरवर नुसते लिहिण्याचे कोरे पान उघडले. ही गोष्ट तिने पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तिने स्वतःचे नाव टाइप केले. अक्षरे बोटाबरोबर उमटली. आईचे नाव, गावाचे नाव, दाबाचे सूत्र. एकही अक्षर मागे राहिले नाही. दाबलेली कळ केंदूरहून पाटसला जाऊन, तिकडे उमटून, चित्र होऊन परत येत होती, आणि हा सगळा प्रवास पापणी लवण्याआधी होत होता.

म्हणजे रस्ता मोकळा होता. पलीकडे ज्याच्या दारात निरोप पोचत होता, तो उठायला वेळ लावत होता.

मग तिने त्या कॉम्प्युटरची आतली स्थिती दाखवणारी खिडकी उघडली. ती तिने आधीही उघडली होती. प्रोसेसर पूर्ण कामात आहे, एवढे पाहून बंद केली होती, कारण मोठे गणित चालू असताना तो पूर्ण कामात असणारच. त्या आकड्याखाली दुसरा एक आकडा होता: प्रोसेसर या क्षणी किती वेगाने चालतो आहे, तो. ज्या वेगाने तो चालायला हवा, त्याच्या चौथाईपेक्षाही तो कमी होता.

पूर्ण कामात असलेला प्रोसेसर स्वतःहून इतका हळू बहुधा एकाच कारणाने होतो. तो तापला की जळून जाऊ नये म्हणून पावले आखडती घेतो. सकाळी तो थंड असतो, म्हणून धावतो. ती जेवायला उठली की त्याला विसावा मिळतो, म्हणून नंतर काही क्षण धावतो. गावाने मोबाइल हातात घेण्याचा आणि गाव जेवायला बसण्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

तार, राउटर, मोटर, शेजारणीची मुले, सगळ्यांवर हर्षदाने संशय घेतला होता. पाटसच्या कॉम्प्युटरवर एकदाही घेतला नव्हता. का, तर तो हायवेवरच्या ऑफिसात होता आणि ती केंदूरला होती. बबनराव जे मानत होते, तेच ती मानत होती. फरक इतकाच, की ते मानायला तिने अधिक कष्ट घेतले होते.

पण मग गुरुवार राहत होता. गुरुवारी तो का तापला नाही?

तिने सावळाराममामांना फोन लावला. मामा ऑफिस उघडायचे, झाडायचे, चहा करायचे आणि रोज सकाळी तिच्या कॉम्प्युटरचे बटण दाबायचे. बाण पहिल्यांदा हलला की ते मॉनिटरला "राम राम ताई" म्हणत, असे त्यांनी स्वतःच तिला सांगितले होते.

"मामा, आप्पा आहेत का तिथं?"

"न्हाईत, साइटवर गेल्यात. का वो ताई? परत अडलं का?"

"अडलंय. मला सांगा, गुरुवारी ऑफिसात काही वेगळं होतं का?"

"गुरुवारी? काय न्हाई. संस्थेचं दोघंतिघं संचालक आलं व्हतं. च्या केला, फरसाण आणलं. त्यातला एक हौसराव म्हणून हाय, त्यानं तीनदा च्या घेतला."

"माझ्या टेबलापाशी कोणी गेलं होतं?"

"तुमच्या टेबलाला कुणी हात लावीत न्हाई. मी लावून देतच न्हाई."

"बरं, मग तुम्हीच एक करा. टेबलाखाली मशीनचा काळा डबा आहे ना, त्याला वरून हात लावून बघा. तापलाय का?"

पलीकडे मामांनी नुसता घसा खाकरला.

"मामा?"

"हात कसा लावू, ताई? त्याच्यावर घोंगडी हाय."

हर्षदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कसली घोंगडी?"

"माझीच. लग्नात सासऱ्यानं दिल्याली. संक्रांतीला हितं मागल्या रानात गुऱ्हाळ पेटलं, चिपाडं जाळत्यात, सारी काजळी खिडकीतनं आत येती. तुमच्या टेबलावर बोट फिरिवलं की काळं. म्हणलं, पोरगी न्हाई हितं, तिच्या मशिनीकडं आपुन बघितलं पायजे. फडकं टाकून बघितलं, तर ते उडतंय. मग घरनं घोंगडी आणली. कडंकडंनं खोचूनबी ठिवलीया, कुठनं काजळी शिरायला जागा न्हाई."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी आप्पा म्हणलं, पाव्हण्यांफुडं ऑफिसात घोंगडी बरी दिसत न्हाई, काढ. मग गच्चीवर उन्हात टाकली. पाव्हणं गेल्यावर संध्याकाळी परत घातली की."

घोंगडी काय असते, हे हर्षदाला दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नव्हती. तिचे आजोबा मेंढरे घेऊन कोकणात उतरत, तेव्हा घाटातल्या रात्री घोंगडीखाली काढत. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकते, अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आजोबा त्या गुणावर जगले होते. त्याच गुणाने पाटसला प्रोसेसर गुदमरत होता. भौतिकशास्त्राला पांघरूण कुणाच्या अंगावर आहे, याच्याशी देणेघेणे नसते.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "ती काढा."

"आत्ता?"

"आत्ताच. मी फोनवर आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग गुडघ्यावर बसताना निघणारा एक हुंकार, मग, "आगं आई गं! तव्यावाणी तापलंय की वो हे!"

"त्याच्या आत पंखा असतो. त्याला बाहेरून हवा घ्यावी लागते, आतली गरम हवा मागून सोडावी लागते."

मामांना हे समजायला वेळ लागला नाही, आणि हर्षदाला वाटले, थोडा लागला असता तर बरे झाले असते.

"म्हंजी," ते म्हणाले, "ह्ये पंधरा दिस... म्याच?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"मी तर दाबून दाबून खोचत हुतो, ताई."

तिच्या पडद्यावर तो दुसरा आकडा हळूहळू चढू लागला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मामांचा आवाज खाली आला. "ताई, आप्पास्नी सांगू नगा. आधीच म्हणत्यात, सावळाराम, वय झालं, आता घरी बस. घरी बसून काय करू? घरी कोण हाय?"

"बघते मी," हर्षदा म्हणाली. यापेक्षा अधिक काही तिला त्या क्षणी प्रामाणिकपणे म्हणता येत नव्हते.

उपवाहिन्या दुपारनंतर झाल्या. शेवटचे गणित दिवे लागायच्या आत सुटले. शनिवारी सकाळी पाटसला आराखडा छापला गेला, बैठकीत मांडला गेला, आणि हौसरावांनी दोन प्रश्न विचारून तिसरा चहा मागितला. दुपारी बबनरावांचा फोन आला.

"पास झाला," ते म्हणाले. "काम चांगलं केलंस. दाबाचं तर लई बारीक काढलंयस."

"थँक्यू आप्पा."

"पर मी इचार केला. काल चाललं, परवा चाललं, आन् त्याआधी पंधरा दिस चाललं न्हाई. ह्यो धंदा असल्या भरवशावर चालत न्हाई. तुझी चूक न्हाई म्हणत मी. केंदूरचं नेट तसं, तू काय करणार? सोमवारी ये तू. आईची काहीतरी सोय बघ."

हर्षदाने दाराकडे पाहिले. कुशाबाई खाटेवर पाय लांब करून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पाऊल पुढे-मागे करत होती आणि ऐकत नसल्याचे भासवत होती.

सोपे उत्तर तोंडाशी होते. पप्पूने कनेक्टर बदलला, दोष गेला, आता त्रास होणार नाही. बबनरावांना ते पटले असते, कारण ते केंदूरबद्दल होते. मामा सुटले असते, तीही सुटली असती. फक्त ते खोटे होते. आणि एकदा केंदूरच्या नेटवर दोष लिहून ठेवला की पुढच्या प्रत्येक अडचणीला तोच कागद निघणार होता.

"आप्पा, नेट चांगलं आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून चांगलं होतं. दोष ऑफिसातल्या मशीनमध्ये होता. ते तापत होतं, तापलं की हळू चालतं. मी इकडंच शोधत बसले, तिकडं बघायला मला उशीर झाला. ती माझी चूक."

"तापत हुतं? का तापत हुतं?"

"झाकलेलं होतं. त्याला हवा मिळत नव्हती."

"कुणी झाकलं?"

"काजळीपासून वाचावं म्हणून झाकलं होतं, आप्पा. त्याला हवा लागते, हे सांगून ठेवायचं काम माझं होतं. मी घाईत निघाले, सांगितलं नाही."

"मी इचारलं, कुणी झाकलं?"

उत्तर तिला द्यावे लागले नाही. फोनमध्ये, बबनरावांच्या मागून, कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग मामांचा. "म्या झाकलं, आप्पा. माझ्या घोंगडीनं."

"गुरुवारी मी काढाय लावली, ती?" बबनरावांनी विचारले.

"व्हय. तीच."

"आन् गुरुवारी चाललं म्हणतीस, हर्षदा?"

"दिवसभर."

"म्हंजी गुरुवारी चाललं ते माझ्यामुळं."

हर्षदाने क्षणभर विचार केला. विधान तपासून पाहिले, तर ते खरे होते. "हो आप्पा. हेतू वेगळा होता, पण चाललं ते तुमच्यामुळंच."

"बघ, सावळाराम," बबनराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समाधान मावत नव्हते. "मी उगाच बोलत नसतो."

"आप्पा, मामांना—"

"त्याला काय बोलू? जल्मात त्यानं कुणाला उघडं ठिवलं न्हाई. दुपारी खुर्चीत माझा डोळा लागला, तरी ह्यो मला पांघरूण घालतो. एवढं मशीन कसं सुटंल?" मग त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. "बरं. खिडकीला बारीक जाळी बशिवतो. गुऱ्हाळवाला माझा भाचाच लागतो, त्याच्याशीबी बोलतो, ऐकणार न्हाई तो. तू हाय तिथंच बस, आई हिंडस्तवर. पर बाण लई वेळ थांबला, तर मी फोन करणार. ते मी सोडणार न्हाई."

"करा, आप्पा."

फोन ठेवल्यावर कुशाबाई म्हणाली, "काय म्हणलं?"

"इथंच राहायचं म्हणाले."

"आन् बिघाड कशाचा व्हता म्हणं?"

हर्षदाने सगळे सांगितले. घोंगडीचा भाग ऐकताना कुशाबाई हसू लागली, आणि हसताना खुबा दुखला म्हणून थांबली. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, "गुरुवारच्याच दिशी संचालक कसं आलं पर? बुधवारी का न्हाई आलं?"

"आई, त्यांचं आधीच ठरलेलं होतं."

"ठरंना का," कुशाबाई म्हणाली. यापुढे वाद घालता आला असता. हर्षदाने घातला नाही.

सोमवारी सकाळी, शिक्रापूरची एसटी गावातून निघून गेल्यावर, कुशाबाईने ओट्यावर जायचे काढले. दवाखान्यातून घरी आल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. हर्षदाने लॅपटॉप चालू ठेवूनच खुर्ची मागे सारली, वॉकर पुढे दिला आणि आईच्या पाठीला तळहात लावून मागे उभी राहिली. वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्यापलीकडे टेकले. कुशाबाई तिथेच थांबली. बाहेर अनिताच्या अंगणात कांद्याची रोपे निवडत बायका बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या.

"हात काढ," कुशाबाई हळूच म्हणाली. "बघत्यात त्या."

हर्षदाने हात काढला. ती मागे मात्र सरकली नाही.